पाचशे पंधरा

ओन्नोने तो प्रोग्राम ज्या यंत्रावर लिहिला
त्याची कंपनी केव्हाच बुडाली होती.
यंत्राला कोणी कळवलं नाही.
उत्तर समुद्राकाठच्या जलद्वाराच्या कचेरीत
ते दर दहा मिनिटांनी बेटावरच्या मापकाला फोन लावायचं,
किती पाणी, विचारायचं,
एम्डेनच्या चार कचेऱ्यांना नेटवर्कवरून आकडा वाटायचं,
पुन्हा गप्प.
शहाण्णवच्या जानेवारीत आतलं काहीतरी जळालं
आणि दुसरं मिळेना.

हाइंके त्यार्क्स, वय त्रेपन्न, नोकरीला लागली हिशेबनीस म्हणून.
तिच्या टेबलावर नवं यंत्र आलं, ओएस टू चालणारं,
रबरबँडमध्ये बांधलेल्या फ्लॉप्यांचा गठ्ठा,
आणि साहेबांची चिठ्ठी: तेवढं इकडून तिकडे आणा.
तेवढं.
विहीर उचलून शेजारच्या अंगणात ठेवायची, तेवढंच.

आधी नावं तुटली.
ओन्नोची लांबलचक नावं आठ अक्षरांत कोंबली गेली,
शेपट्या उंबऱ्याबाहेर.
मग ओळी जिना उतरू लागल्या,
          कारण इथे ओळ संपली की
                    नुसतं खाली येऊन भागत नाही,
                              डावीकडे परतावंही लागतं,
टाइपरायटरचा दांडा ओढल्यासारखं. ते तिला येत होतं.
दारांच्या कड्या मात्र बसेनात.
तिथली कडी इथल्या सॉकेटला लागायची नाही,
सगळं उघडं राहायचं, आणि तासाभरात
यंत्र गारठून बंद.

मधे दोन सेकंद नुसतंच थांबायला सांगणारी
एक ओळ होती. तिने ती खोडली.
वेळ वाया.

फेब्रुवारीतल्या मंगळवारी, रात्री पावणेबाराला,
प्रोग्राम पहिल्यांदा उभा राहिला आणि म्हणाला:
सातशे सत्तर.
भोंगा वाजला.
बासष्टच्या पुरात ती एकोणीस वर्षांची होती.
आत्याच्या गोठ्यात गाई पोहताना तिने पाहिल्या आहेत.
चप्पल एकाच पायात, हातात टॉर्च,
ती बांधावर धावली.

पाणी निम्मं. ओहोटीला लागलेलं.
चिखलावर दोन बदकं, झोपमोड झाल्याने नाराज.

ओन्नो दोन गल्ल्या पलीकडे राहतो, निवृत्त,
नव्या यंत्राचं तोंडही पाहणार नाही म्हणालेला.
सातव्या घंटीला त्याने फोन उचलला.
बाहेर काय दिसतं? चिखल.
मग चिखलाचं ऐक, म्हणाला. आणि बराच वेळ नुसता श्वास.
मग: मापक दोन अंक पाठवतो गं, एकामागून एक.
दोन, तीन.
माझं यंत्र थोरल्याला आधी ओळखायचं.
तुझं धाकट्याला.

तिने बिलाच्या पाठीवर मांडून पाहिलं.
दोन गुणिले दोनशे छप्पन, अधिक तीन: पाचशे पंधरा.
तीन गुणिले दोनशे छप्पन, अधिक दोन:
पूर.

तिच्या भाषेत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो,
आपल्यासारखाच. लिहिताना चार पुढे.
पन्नास वर्षं ती एका दिशेने बोलत आली होती
आणि दुसऱ्या दिशेने लिहीत,
हिशेबात कधी एक फेनिगही चुकला नाही.
यंत्राला हे एका ओळीत सांगता आलं.

मग मापक रुसला. तीन दिवस मधूनच मुका.
चौथ्या दिवशी तिने खोडलेली ओळ परत आणली
आणि तिच्याशेजारी ओन्नोने गावच्या बोलीत लिहिलेलं
पहिल्यांदा नीट वाचलं:
घाई करू नको, तिकडची बाई म्हातारी आहे.

एप्रिलात हानोव्हरहून पत्र आलं.
आपल्या नोंदीत सहा फेब्रुवारीला सातशे सत्तर दिसतात,
इतर कुठल्याही बंदरात नाहीत. खुलासा करावा.
हाइंकेने चहात खडीसाखर टाकली, ती तडकेपर्यंत थांबली,
कडेने साय सोडली, घड्याळाच्या उलट,
इथे सोडतात तशी, ढवळली नाही.
मग दांडा ओढून लिहिलं:
त्या रात्री मी एक आकडा उलटा वाचला.
पाणी जागेवर होतं.
नोंद मात्र खोडत नाही.
चप्पल अजून सापडलेली नाही.